हात नाडीवर, डोळा श्वासावर

...नाही, तुम्ही म्हणाल, बायकोनं हात धरला तर त्यात तक्रार करण्यासारखं काय आहे, लोकांच्या बायका लग्नानंतर नवऱ्याचा हात धरतात तो फक्त रस्ता ओलांडताना, आणि तोही पलीकडे पोचलं की सोडून देतात, आणि तुझी रोज संध्याकाळी धरते तर आनंदात राहायचं सोडून इथे उभा राहून रडगाणं कसलं गातोयस... बरोबर आहे तुमचं. मीही असंच समजत होतो. तुम्हाला सांगतो, कित्येक महिने मी असंच समजत होतो, आणि तेव्हा मी फार सुखी माणूस होतो.

म्हणजे कसं व्हायचं, की मी दुकानातून घरी यायचो. दुकान आपलं पंपांचं. पाण्याचे पंप दुरुस्त करतो मी. कुणाचा पंप पाणीच उचलत नाही, कुणाच्या पंपानं हवा धरलीय, कुणाचा नुसताच घरघर करतो आणि नळाला करंगळीएवढी धार... की मला बोलावणं. आणि ही यायची ड्यूटीवरून. आमची ही नर्स आहे, मोठ्या हॉस्पिटलात, मेडिकल वॉर्डात. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आमचं एक बाकडं आहे, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली, त्या बाकड्यावर आम्ही चहा घेऊन बसायचो, आणि चहा संपला की ही माझं मनगट हातात घ्यायची. अगदी हलकेच. बोटं अशी इथे, अंगठ्याच्या खालच्या बाजूला. मान जराशी तिरकी. बोलायचं काही नाही. आणि बघायची माझ्याकडे, म्हणजे तोंडाकडे नाही हं, जरा खाली, इथे, शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे. मी म्हटलं, लाजते.

हसा, हसा. तुम्ही नसता फसलात? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको हात धरून दुसऱ्या बटणाकडे बघतेय, यावर दुसरा काय अर्थ निघतो? मी काही बोललो नाही. मी मुळात बोलणारा माणूसच नाही. अशा वेळी बोललं की मोडतं सगळं, म्हणून मी आपला श्वाससुद्धा जपून जपून, रेशमाचा धागा ओढावा तसा घ्यायचो, आणि आता कळतंय, तिथेच मी तिचं सगळं गणित बिघडवत होतो.

तर एक दिवस काय झालं, त्यांच्याच हॉस्पिटलचा गच्चीवरचा पंप बंद पडला आणि मला बोलावणं आलं. फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी ओढायच्या नळीच्या तोंडाशी, कचरा अडकला होता, तासाभरात काम झालं, आणि माझी आई त्या दिवशी बाहेर गेलेली, घरची किल्ली हिच्या पर्समध्ये, म्हणून म्हटलं खाली उतरताना वॉर्डातून घेऊन जावी. गेलो. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना पलंग, मध्ये पडदे, ओल्या फरशीवर औषधाचा वास, आणि दाराजवळच्या पलंगावर एक आजोबा, पाठीशी उशांचा ढीग लावून बसवलेले. आणि त्यांच्या शेजारी आमची ही. आजोबांचं मनगट हातात. बोटं अंगठ्याखाली. मान तिरकी. आणि नजर कुठे? आजोबांच्या दुसऱ्या बटणावर.

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशीच सरकली. म्हणजे आजोबा ऐंशीच्या घरातले, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, सज्जन दिसत होते... पण तोच चेहरा! तीच मान! ती जी खास माझी म्हणून मी जपून ठेवली होती, ती मान वॉर्डात सगळ्यांना वाटून टाकत होती ही. तिथे एक शिकाऊ नर्स ट्रे घेऊन उभी होती. तिला मी हळूच विचारलं, ताई, सिस्टर काय करतायत हो? तर ती म्हणाली, श्वास मोजतायत. मी म्हटलं, हात तर नाडीवर आहे. तर ती कशी बोलते बघा, अगदी पाठ म्हणून दाखवतात तसं, ‘हात नाडीवर, डोळा श्वासावर. पेशंटला कळू द्यायचं नसतं.’

पेशंटला कळू द्यायचं नसतं. आलं लक्षात? हा पेशंट कित्येक महिने काही न कळता बाकड्यावर बसला होता. मी किल्ली घेतली आणि घरी आलो. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी चहा झाला आणि हिनं हात पुढे केला, तेव्हा मात्र मी हात काढून घेतला. म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझा आकडा किती आला ते सांग, म्हणजे मी नोंद करून ठेवतो. तर ही हसली हो. शरमली नाही, हसली. म्हणाली, कुणी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं, कुणी का सांगेना, पण ही लपवाछपवी कशासाठी, सरळ सांगावं, हलू नका, तुमचा श्वास मोजतेय, मी काय पळून जाणार होतो?

आणि मग ती सांगायला लागली, आणि आमच्या घरात एकदा ती सांगायला लागली की चहाची भांडी तशीच वाळतात. म्हणाली, अहो, हृदयाला तुम्ही हुकूम देऊ शकता का? म्हणा बघू त्याला, हळू चाल. ऐकत नाही. अन्न पचव म्हटलं म्हणून पोट पचवत नाही. पण श्वास... श्वासाची गंमत अशी आहे की तो आपला आपण चालतो, झोपेतसुद्धा चालतो, पण तुमचं लक्ष गेलं रे गेलं की तो तुमच्या हातात येतो. मग तुम्ही तो चालवायला लागता. आणि तुम्ही चालवलेला श्वास खोटा. म्हणून लक्ष जाऊ द्यायचं नाही.

बघा. आता बघा. आत्ता या क्षणी तुम्ही सगळे मुद्दाम श्वास घेताय. तुम्ही, चष्मेवाले, तुम्ही तर मगाचपासून धरून ठेवलाय, सोडा तो. माफ करा हं, थोड्या वेळानं विसराल. मला दोन दिवस लागले. दोन दिवस मी पंप उघडताना, पाना फिरवताना, जिना चढताना नुसता श्वास चालवत होतो, कारण म्हटलं मी विसरलो आणि तो थांबलाच तर?

तर मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की तिच्या नर्सिंगच्या पुस्तकात एवढंच होतं, हात नाडीवर, डोळा श्वासावर. का, ते नव्हतं. ‘का’ तिनं स्वतः शोधून काढलं होतं. आणि तो ‘का’ हाच आमच्या घरातला सगळा घोटाळा आहे. काही माणसांना गोड खायची सवय असते, हिला ‘का’ची आहे. आता ते उशांवर बसवलेले आजोबा. हृदय थकलेलं आहे, तर पेशंटला आडवं झोपवू नका, उशा देऊन बसवा. नर्सिंग कॉलेजात हे शिकवलं, परीक्षेत आलं, हिनं लिहिलं, मार्क मिळाले. सगळ्या वर्गाला मिळाले. सगळा वर्ग घरी गेला. ही उठून उभी, ‘बाई, पण आडवं झोपवलं तर दम का लागतो?’ बाई बिचाऱ्या, त्यांना चार वर्ग आणि एक आवाज, त्या म्हणाल्या, ‘अगं, परीक्षेला एवढंच येतं.’ खोटं नाही बोलल्या. एवढंच यायचं.

झालं. तो उशीचा प्रश्न हिच्या डोक्यात जो जाऊन बसला, तो लग्नात आमच्या घरी आला सोबत. नोकरी लागली, रोज उशा देतेय, रोज माणसं बसवतेय, आणि रोज मनात तेच. शेवटी हिनं डॉक्टर लोकांचं पुस्तक आणलं, जुन्या बाजारातून, फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर चालतं कसं त्याचं. काय जाड पुस्तक! आईनं एकदा ते सारखं उघडणारं कपाटाचं दार अडवायला लावलं, तर दार पापणीएवढंही हललं नाही. त्यात हिला उत्तर सापडलं. आणि उत्तर सापडल्यावर माणूस शांत होतो असं आपल्याला वाटतं, ते चूक आहे. एका उत्तराच्या पोटातून तिला चार प्रश्न मिळाले आणि ते घेऊन ती माझ्याकडे आली, कारण पुस्तकात लिहिलं होतं, हृदय म्हणजे पंप. आणि घरात पंपवाला कोण? मी.

ते दिवस फार चांगले होते हो. मला सरळ सांगायला काही वाटत नाही. ती विचारायची, पंपापुढे दाब कसा तयार होतो, व्हॉल्व्ह गळाला तर काय होतं, पाणी उलट का येतं, आणि मी बाकड्यावर बसून चहाच्या कपानं आणि रबरी नळीनं सगळं दाखवायचो, आणि ती म्हणायची, हं... म्हणजे पायातलं रक्त माणूस उभा असताना खाली राहतं, आडवा केला की ते सगळं छातीकडे येतं, थकलेल्या पंपाला एवढं पाणी पुढे ढकलवत नाही, मग ते मागे तुंबतं, फुफ्फुसात, आणि म्हणून दम लागतो, म्हणून उशा! आम्ही दोघांनी मिळून उशीचा उलगडा केला त्या संध्याकाळी. आई आतून म्हणाली, ‘काय जिंकलात?’

पण मग एकदा भांडण झालं. मी म्हटलं, मग काय, तुमचं हृदय म्हणजे आमचा दीड हॉर्सपॉवरचाच पंप झाला की. तर म्हणाली, नाही हो. तुमच्या पंपाकडे जास्त पाणी आलं तर तो काय करतो? मी म्हटलं, तो आपल्या ताकदीप्रमाणे ढकलतो, जास्त हवं असेल तर मोठा पंप बसवा. म्हणाली, हृदयाकडे जास्त रक्त आलं की ते ताणलं जातं, आणि जेवढं ताणलं जातं तेवढ्याच जोरानं ते ढकलतं. एका मर्यादेपर्यंत. न सांगता, न बदलता, तेच हृदय. मी म्हटलं, असा पंप जगात नाही. म्हणाली, तुमच्या बनियनच्या आत एक आहे.

मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे पंप एकदम कमी शिकलेले वाटायला लागले. पण मी काही बोललो नाही.

आता हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी इथे आलोच नसतो. पण लोक असतात ना. आधी आमचा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ, काम विमा विकायचं, पण सल्ला सगळ्यावर. एकदा जेवायला आला होता, हिनं त्याला आजोबांच्या फुफ्फुसाची गोष्ट सांगितली, तर हा घास हवेत धरून म्हणतो, ‘ताई, तुझं डोकं वाया चाललंय गं! तू डॉक्टरच हो. भाऊजी, तुम्हाला नाही वाटत?’ भाऊजी भात कालवत होते. मग आई. आई जन्मभर बालवाडीत शिकवत होती, तिचं सगळं मोठ्यानं आणि तालात असतं, ‘मी तर के-व्हा-चं म्हणतेय, हुशार मुलीनं पुढे शि-का-वं.’ मग त्यांच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर. भले गृहस्थ, हिच्या प्रश्नांची उभ्या उभ्या उत्तरं द्यायचे, पण त्यांनीही एक दिवस चष्मा पुसत म्हटलंच, ‘सिस्टर, तुम्ही खरं म्हणजे डॉक्टर व्हायला हवं होतं.’ नंतर भाजीवाला म्हणाला. भाजीवाल्याचा काय संबंध? पण म्हणाला.

आणि ही गप्प गप्प राहायला लागली. पुस्तकं वाढली. बाकड्यावर चहाला जागा उरेना. मग कळलं, परीक्षेला बसतेय, मेडिकलच्या प्रवेशाची. मग बसली. मग निकाल लागला आणि तुम्हाला सांगतो, नंबर लागला हिचा! पोरासोरांच्या त्या गर्दीत हिचा नंबर लागला, आणि मी खालच्या दुकानातून पेढ्यांचा नाही तर नाही, बिस्किटांचा डबा आणला आणि जिन्यात जो भेटेल त्याला बिस्कीट दिलं, पोस्टमनला दोन दिली. इतका मला आनंद झाला. आणि मग वर येऊन विचारलं, कॉलेज कुठे? तर म्हणाली, अहो, गाडीनं रात्र जाते एवढं लांब. आणि शिकायचं किती? तर बरीच वर्षं, आणि मग त्यापुढे आणखी.

मी काही बोललो नाही.

मनात मात्र... म्हणजे बघा, आपण काय बोलणार? जाऊ नकोस? कुठल्या तोंडानं? तिनं त्या उशीच्या प्रश्नापाठी इतकी वर्षं काढली आणि आता दार उघडलंय तर मी दारात पंप आडवा ठेवू? मी तसला माणूस नाही. पण भीती वाटली. सरळ सांगतो, भीतीच वाटली. ती परत येईल तेव्हा मोठी डॉक्टर होऊन येईल, सगळ्या ‘का’ची उत्तरं घेऊन येईल, मग चहाच्या कपानं आणि रबरी नळीनं दाखवणाऱ्या माणसाचं ती काय करेल? आणि संध्याकाळी त्या बाकड्यावर मी एकटा बसलो तर ते पुठ्ठ्याच्या बाजूला कलतं, ते दोघांच्या वजनानंच सरळ राहतं. हे असलं कुणाला सांगता येतं का? म्हणजे तुम्हाला सांगतोय, तुमची गोष्ट वेगळी.

मला एवढं माहीत होतं की एक ना एक दिवस ती विचारणार, तुमचं काय म्हणणं? आणि विचारणार ती हात धरून. आणि माझ्या तोंडाकडे बघणारच नाही, दुसऱ्या बटणाकडे बघणार, आणि तिथून तिला सगळं कळणार. मग मी काय केलं असेल? मी तयारी केली. आता गुपित मला माहीत होतं ना! श्वास आपल्या हातात येतो. मग घेतला हातात. रोज दुकानात, शटर अर्धं ओढून, एक चालू पंप समोर ठेवायचा, प्रेशर गेजचा काटा स्थिर ठेवायचा, आणि त्या काट्याकडे बघत श्वास घ्यायचा. आत... बाहेर... काटा हलत नाही, मी हलत नाही. आणि तोंडानं म्हणायचं, ‘अगं जा की, मला काय होतंय.’ आधी ‘मला काय होतंय’ला श्वास अडकायचा. मग नाही अडकला. एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून बघत होतं, ते न बोलताच परत गेलं. पंप दुसरीकडे दिला असावा त्यानं.

आणि मग ती संध्याकाळ आली. चहा झाला. पुस्तकं खाली ठेवली होती तिनं, बाकडं मोकळं. माझं मनगट घेतलं. बोटं अंगठ्याखाली, मान तिरकी, नजर बटणावर. म्हणाली, ‘उद्या कॉलेजला कळवायचंय. येतेय की नाही ते. तुमचं काय म्हणणं आहे?’

मी सुरू केलं. आत... बाहेर... गेजचा काटा डोळ्यांसमोर आणला. इतका सुंदर श्वास मी आयुष्यात घेतला नसेल, एखाद्या परीक्षकानं शाबासकी द्यावी असा. म्हटलं, ‘अगं जा की, मला काय होतंय.’ आवाज नाही कापला. काही नाही कापलं. मनात म्हटलं, जमलं.

तिची बोटं तशीच. बराच वेळ. आणि मग म्हणाली, ‘श्वास अगदी पुस्तकातल्यासारखा आहे तुमचा.’

मी म्हटलं, आहेच मुळी.

म्हणाली, ‘म्हणून मी आज श्वास मोजलाच नाही. आज नाडी मोजत होते.’

...

काय सांगू तुम्हाला. नाडीचा मी विचारच केला नव्हता हो! सगळी तयारी श्वासाची. आणि आत तो पंप, न सांगता, न विचारता, ताणला जाईल तेवढ्या जोरानं... तिच्या बोटांखाली धडधडत होता, आणि वर मी शांतपणे आत-बाहेर, आत-बाहेर! किती मूर्ख दिसलो असेन. म्हणाली, ‘आता खरं बोला.’

आणि मग मी बोललो. आयुष्यात एकदाच, पण बोललो. बाकडं, पुठ्ठा, रबरी नळी, तू मोठी होशील, मी इथेच दीड हॉर्सपॉवरचा राहीन, सगळं, नळ फुटल्यासारखं. आणि शेवटी म्हटलं, पण तू जा. हे सगळं आहे आणि तरी तू जा, हेसुद्धा खरं आहे, पाहिजे तर मोजून बघ.

तिनं मोजलं. खरंच मोजलं. मग म्हणाली, ‘अहो, मी त्यांना “येत नाही” म्हणून कळवायचं आधीच ठरवलंय. सकाळीच. तुमच्या नाडीचा त्यात काही हात नाही.’

मी म्हटलं, मग मला का छळलंस? म्हणाली, छळलं नाही, तुमचं म्हणणं मला हवं होतं, माझ्या निर्णयासाठी नव्हे, तुमच्यासाठी. आणि मग तिनं सांगितलं ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही. म्हणाली, ‘सगळे मला म्हणतात, एवढं “का” विचारतेस तर डॉक्टर हो. कौतुकानंच म्हणतात. पण त्याचा अर्थ काय होतो? की नर्सनं “का” विचारायचं नाही. विचारलं तर तू चुकीच्या कामात आहेस. मला डॉक्टर व्हायचं असतं तर मी गेले असते, मला भीती नव्हती, माझा नंबर लागला होता. पण डॉक्टर येतात, बघतात, पुढच्या पलंगावर जातात, त्यांचं कामच ते आहे. उशी मी देते. रात्रभर तिथे मी असते. माझ्या हाताला “का” माहीत हवं.’ हॉस्पिटलच्या मुख्य नर्सशी, मेट्रनबाईंशी, बोलली होती ती. बाई म्हणाल्या होत्या, ‘आपल्या कामाला खोली आहे गं, पण आपण शिकवताना गुडघाभर पाण्यातच मुलींना उभं करतो.’ म्हणून ही नर्सिंगचंच पुढचं, वरचं शिक्षण घेणार, त्यात फिजिऑलॉजी नीट, जाड पुस्तकातली, आणि मग परत येऊन कॉलेजात शिकवणार. म्हणाली, ‘एखादी मुलगी उभी राहून विचारेल, बाई, आडवं झोपवलं तर दम का लागतो, तेव्हा समोर कुणीतरी असायला हवं.’

मला इतकं बरं वाटलं. अभिमानही वाटला. आणि एक मोठा, साठवलेला, इतक्या दिवसांचा श्वास मी सोडला, मनापासून, खराखुरा. म्हटलं, मग आपलं बाकडं सरळ राहिलं तर.

तर माझ्या मनगटावरची बोटं तशीच ठेवून ती म्हणाली, ‘ते कॉलेजसुद्धा तिकडेच आहे. त्याच गावाला.’

आता बोला! पण वर्षं कमी आहेत. बरीच कमी आहेत. मी काही बोललो नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, एवढे दिवस माझाच श्वास का मोजत होतीस, मी काय आजारी होतो? तर म्हणाली, ‘दिवसभर दमलेले, अडकलेले, घरघरणारे श्वास बघते मी. घरी येऊन एक धड श्वास बघितला की बरं वाटायचं.’ आणि आपलं बॅगेचं कुलूप लावायला गेली. तुम्हाला सांगतो, मी तेव्हा जे समजत होतो, तेच बरोबर होतं की नाही मग?

तर आता ती तिकडे आहे. रोज संध्याकाळी फोन येतो. आज काय शिकले ते सांगते, पंपाचं काही अडलं की विचारते, अजून विचारते हो, आणि शेवटी म्हणते, श्वास किती? आता मी कसा सांगणार? स्वतःचा श्वास स्वतःला मोजताच येत नाही. मोजायला घेतला की आपण तो चालवायला लागतो, आणि चालवलेला खोटा. नाडी मोजता येते, वजन करता येतं, पण श्वास मोजायला दुसरं माणूस लागतं, हात धरून भलतीकडेच लक्ष आहे असं दाखवणारं. मी हे तिला म्हटलं. तर म्हणाली, माहीत आहे, म्हणून मी आईंना शिकवून आलेय.

झालं. आता संध्याकाळी चहा झाला की आई येते बाकड्यावर. बाकडं सरळ राहतं, तेवढं आहे. माझं मनगट घेते, बोटं बरोबर अंगठ्याखाली, मान तिरकी, नजर दुसऱ्या बटणावर, सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे, मला काही म्हणजे काही कळू न देता... आणि मग, बालवाडीत जन्म गेलेला ना, टाळीच्या तालावर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करते, ‘ए-क... दो-न... ती-न...’

आणि मी तिच्या तालावर श्वास घेतो. फोनवर रोज आकडा जातो, तो आईच्या आवाजाचा, माझ्या श्वासाचा नाही. तिकडून ही म्हणते, छान आहे, अगदी पुस्तकातल्यासारखा आहे.

मी काही बोलत नाही.